कादंबरीकाराने घेतलेली उचल

प्रति,
मा. कुलगुरू,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ,
सोलापूर



कादंबरीबद्दलचे पत्र कुलगुरूंना कशाला, असे आपल्याला वाटेल. कादंबरीकाराला लिहावे, प्रकाशकाला लिहावे, फार तर एखाद्या साहित्य संस्थेच्या अध्यक्षांना लिहावे. पण कादंबरीकार पुढच्या कादंबरीत गुंतलेला असतो, प्रकाशक पुढच्या आवृत्तीत, आणि साहित्य संस्थांचे अध्यक्ष कशात गुंतलेले असतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपले विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी सुरू झाले. एका जिल्ह्याचे कसले विद्यापीठ, म्हणून तेव्हा नाके मुरडणारे पुष्कळ होते. मला मात्र त्यातच सोय दिसते. एका जिल्ह्याची कादंबरी कुठून आली आणि कुठे गेली, याचा हिशेब ठेवायला एका जिल्ह्याचे विद्यापीठच हवे.

आपल्या शहरात एखाद्या कादंबरीकाराचा कार्यक्रम असला की शेवटी प्रश्नोत्तरे असतात, वेळ उरला तर. तो सहसा उरत नाही. पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय आणि रोपटे देऊन सत्कार यातच घड्याळ पुढे सरकते. उरलाच तर मागच्या रांगेतून एक प्रश्न ठरलेला असतो : तुम्हाला हे सगळं सुचतं कसं? उत्तरही ठरलेले असते. पात्रे आपोआप चालत येतात, मी फक्त त्यांचे बोलणे लिहून घेतो. टाळ्या होतात, चहा होतो, लोक घरी जातात.

मला हे उत्तर कधी पटलेले नाही. पात्रे आपोआप येत नाहीत. कोणाच्या तरी दारातून उठून येतात. आपल्या शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात कामगार मालकाकडून उचल घेतो. मुलीचे लग्न, आजारपण, घराचा पत्रा, काहीही कारण असते. मग ती पगारातून फिटत राहते किंवा वर्षानुवर्षे फिटतच नाही, आणि तो कामगार त्या कारखान्याला बांधलेला राहतो. कादंबरीकार गावाकडून अशीच उचल घेतो. माणसे घेतो, त्यांची बोली घेतो, भाऊबंदकी घेतो, मेलेल्यांची नावे घेतो. सोलापूर जिल्ह्यातून ही उचल भरपूर झालेली आहे. परतफेड किती झाली, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि तो कादंबरीकारांवर ढकलून मोकळे होता येईल असे मला वाटत नाही.

उदाहरणासाठी लांब जायला नको, अक्कलकोट तालुका पुरे. १९१९ साली अक्कलकोटात त्र्यं. वि. सरदेशमुख जन्मले. भोसल्यांचे संस्थान, राजवाडा, कारभारी, त्यांच्या मर्जीवर चालणारी लहानमोठी माणसे आणि ती मर्जी फिरली की उतरणारे चेहरे, असे ते गाव. संस्थान १९४८ साली विलीन झाले, दरबार संपला. पुढे कित्येक दशकांनी सरदेशमुखांची ‘डांगोरा एका नगरीचा’ आली आणि २००३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मधल्या काळात ते सोलापुरात राहून शिकवत होते, कविता लिहीत होते, समीक्षा लिहीत होते. लहानपणी डोळ्यांसमोरून गेलेल्या जगाची कादंबरी व्हायला माणसाचे जवळजवळ सगळे आयुष्य जावे लागले. ज्यांना प्रेरणा म्हणजे वीज चमकणे वाटते त्यांनी या उशिराचा विचार करावा. संस्थान चालू असताना ती कादंबरी लिहिता आली नसती, कारण तेव्हा वाड्यातला प्रत्येक माणूस कोणाच्या तरी बाजूचा होता. सगळे बाजूला झाल्यावर, बाजू घेण्यात कोणाचा फायदा उरला नाही तेव्हाच त्यांच्याकडे नीट पाहणे शक्य झाले.

सरदेशमुखांची कादंबरी सोपी नाही. ती वाचकाची खुशामत करत नाही, घाई करत नाही आणि मधेच पुस्तक खाली ठेवणाऱ्याला परत बोलवायला येत नाही. त्यामुळे त्यांचे वाचक थोडे, पण पक्के. असे वाचक मला भेटलेले आहेत. ते पुस्तकाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, जणू घरातली गोष्ट बाहेर सांगत आहेत.

त्याच तालुक्यातले हन्नूर. तिथे १९५६ साली शरणकुमार लिंबाळे जन्मले. ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण त्याच्याशिवाय लिंबाळ्यांच्या कादंबऱ्यांकडे जाता येत नाही. वडील पाटील, आई महार, आणि वाढवणारी माणसे म्हणजे आजी संतामाय आणि तिच्याबरोबर राहणारे मुसलमान दादा. एसटी स्टँडवरचा संसार. शाळेत बापाचे नाव काय लावायचे, इथून ज्या मुलाचा प्रश्न सुरू होतो त्याला विषय शोधायला कुठे जावे लागत नाही. विषयच त्याच्या मागे लागतो. पुढे लिंबाळ्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या ‘सनातन’ला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. मराठीत हा सन्मान त्याआधी विजय तेंडुलकर आणि महेश एलकुंचवार यांना मिळाला होता, आणि ते दोघेही नाटककार. मराठी कादंबरीकडे हा सन्मान पहिल्यांदा आला तो अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा माणूस घेऊन आला.

एकाच तालुक्यात राजवाडा आणि एसटी स्टँड. सत्ता आतून कशी दिसते आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून कशी दिसते, हे पाहायला मराठीत याहून चांगली जोडी मला तरी ठाऊक नाही. तरीही हे दोघे सहसा एका दमात घेतले जात नाहीत. एक ‘चिंतनशील’ खणात, दुसरा ‘दलित साहित्य’ खणात. अभ्यासक्रम मंडळांना खण आवडतात. तालुका एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

‘अक्करमाशी’चा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २००३ साली काढला. म्हणजे संतामाय आणि दादा आता परदेशातल्या वर्गांत शिकवले जातात. हन्नूर आणि आसपासच्या गावांतल्या शाळांच्या कपाटात ते पुस्तक आहे का? असेल तर आनंदच आहे. मग पुढचा प्रश्न असा, की त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?

उचल घ्यायची दुसरी रीत बाहेरून येणाऱ्यांची. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करणारे दि. बा. मोकाशी पालखीबरोबर चालत पंढरपूरला आले. ‘पालखी’ हे त्यांचे पुस्तक १९६४ चे. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही आपल्या जिल्ह्यातली मुक्कामाची गावे आपण कुलगुरू म्हणून महाविद्यालयांच्या नावांनी ओळखत असाल. मोकाशींनी ती पायांनी ओळखली. ते वारकरी म्हणून आले नव्हते आणि टीका करायलाही आले नव्हते. चालणाऱ्या माणसांची बोलणी ऐकत, स्वतःचा संशय न लपवता ते चालले. त्यानंतर दहा वर्षांनी ‘आनंदओवरी’ आली. तुकारामांवर मराठीत काय कमी लिहिले गेले आहे? पण मोकाशींनी गोष्ट तुकारामाला सांगायला लावली नाही, धाकट्या भावाला, कान्होबाला लावली. घरात एक माणूस विठ्ठलाचा झाला की मागे दुकान कोण बघतो, वहिनीचे शब्द कोण ऐकून घेतो, पोरांना कोण सांभाळतो, ते सगळे त्या कान्होबाच्या वाट्याला. वारीत चालताना भेटलेल्या साध्या, थकलेल्या, मागे घर सोडून आलेल्या माणसांवाचून हा कान्होबा असा उभा राहिला असता, असे मला वाटत नाही. याचा पुरावा माझ्याकडे नाही. दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचावीत आणि आपण ठरवावे.

आता वाचकाकडे येतो, कारण या पत्राचे खरे कारण तो आहे.

मराठी कादंबरीला वाचक एका दिवसात भेटला नाही, आठवड्या-आठवड्याने भेटला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून हप्त्याहप्त्याने येऊ लागली. यमूची कहाणी तिच्याच तोंडून. पुढचा अंक यायच्या आत मागच्या अंकावर घरोघर बोलणे व्हायचे, म्हणजे गोष्ट संपायच्या आधीच वाचक त्या गोष्टीत राहायला आलेला असायचा. वि. स. खांडेकरांनी दुसरी वाट काढली. कादंबरीला लांबलचक प्रस्तावना जोडायची आणि वाचकाला समोर बसवून सांगायचे की हे बीज कुठून आले, मनात कसे घोळले, लिहिताना कुठे अडले. समीक्षकांनी त्या प्रस्तावनांची थट्टा केली, पण वाचकांना त्यामुळे वाटे की लेखक आपल्याला विश्वासात घेतो आहे. हेच खांडेकर १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ लोकांच्या हातात होत्या, ‘ययाति’ यायला आणखी अठरा वर्षे होती आणि मराठीतले पहिले ज्ञानपीठ १९७४ साली यायचे होते. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या या गावाने त्या माणसाला कसे ऐकले असेल, याची कल्पना मी पुष्कळदा करतो. शहरातले पुढचे संमेलन २००६ चे. त्याचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली, याच शहरात तेलुगू बोलणाऱ्या घरात जन्मलेले आणि जंगलाचे मराठी करून ठेवणारे.

वाचकाचा माग कुठे सापडतो, असे आपण विचाराल. विक्रीच्या आकड्यांत सापडत नाही. तो सापडतो पोस्टकार्डांत आणि पुस्तकांच्या समासात. शहरातल्या एका जुन्या वाचनालयात मी ‘उल्का’ची एक प्रत पाहिली. पुठ्ठ्याची बांधणी, कडा कापलेल्या, शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा जांभळा शिक्का वेडावाकडा. मधल्या एका पानाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिले होते : “नायिका मूर्ख आहे.” त्याखाली वेगळ्या, तिरक्या अक्षरात : “मूर्ख नाही. अगतिक आहे. पुरुषांना कळणार नाही.” त्याखाली पेनाने, वळणदार अक्षरात : “पुस्तकात लिहू नये. हुकुमावरून.” हुकूम कोणाचा ते लिहिलेले नव्हते. पण हुकूम देणाऱ्याने वरच्या दोन ओळी खोडल्या नव्हत्या. बहुधा त्यालाही वाद अर्धवट तोडायचा नसावा. दोन अनोळखी माणसे, कदाचित वीस वर्षांच्या अंतराने, एका पानावर भांडली आणि तिसऱ्याने पंचाईत केली. एवढे प्रामाणिक परीक्षण मी वर्तमानपत्रात क्वचित वाचलेले आहे.

अशी प्रत वाचनालयात किती दिवस राहील? जागा नाही, वाळवी आहे, आणि जीर्ण पुस्तके बाद करण्याचा नियम आहे. लेखकांच्या घरांतही तेच. लेखक गेला की कपाट उघडले जाते, छापील पुस्तके कोणीतरी नेतो, पोस्टकार्डांची पुडकी, खाडाखोडीच्या वह्या आणि टाचणांचे कागद रद्दीच्या ताजव्यात जातात. कादंबरी कशी सुचली याचे खरे उत्तर त्या वह्यांत असते आणि कोणाला पोचली याचे उत्तर त्या पुडक्यांत. तासाभराच्या मुलाखतीत दोन्ही सांगता येत नाही.

कोल्हापूरने हे वेळेवर ओळखले. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकरांचे स्मृती संग्रहालय आहे. खांडेकरांच्या हस्तलिखितांना, पत्रांना, वापरातल्या वस्तूंना तिथे छप्पर मिळाले. २००४ पर्यंत आपली सगळी महाविद्यालये त्याच विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे हा धडा आपल्याला परका नाही. माझी पहिली विनंती हीच, की विद्यापीठाच्या केगावच्या आवारात या जिल्ह्याच्या कादंबरीचे एक दालन असावे. एकाच लेखकाचे नको, कारण एकाचे केले की दुसऱ्याचे लोक रुसतात. जिल्ह्याचे करा. सरदेशमुखांपासून सुरुवात करा. ‘एका साळियाने’ लिहून विणकर घरातली गोष्ट मराठीत आणणारे लक्ष्मीनारायण बोल्ली त्यात असू द्या, जरी ते आत्मचरित्र असले तरी. जे लेखक हयात आहेत त्यांच्या वह्या आत्ताच मागून घ्या. आणि वाचनालयांना कळवा की पुस्तक बाद करण्याआधी त्याचे समास एकदा कोणीतरी चाळावेत. एम. ए.च्या मुलांना हे काम आनंदाने करता येईल, प्रकल्पाचे गुणही देता येतील.

पण दालन म्हणजे अर्धेच काम. दालनात कागद सुरक्षित राहतो, उचल फिटत नाही.

ज्यांच्याकडून कादंबरीने घेतले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातांना पुस्तक धरायला सवड नाही. आपल्या शहरात घरोघर विड्या वळल्या जातात. भिजवलेली पाने कात्रीने मापात कापायची, सुपातली तंबाखू चिमटीने भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचे, आणि मापाच्या विड्या घेऊन कारखान्यात जायचे. हात एक क्षण रिकामे नाहीत. कान मात्र दिवसभर मोकळे असतात आणि सध्या ते टीव्हीला दिलेले आहेत.

क्युबामध्ये हे कोडे दीडशे वर्षांपूर्वी सुटले. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांसमोर उंच बैठकीवर एक माणूस बसू लागला आणि तो मोठ्याने वाचायचा, आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून द्यायचे आणि पुढची कादंबरी कोणती हे मताने ठरवायचे. अलेक्झांडर द्युमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्तो’ने त्यांना असे वेड लावले की १९३५ साली एका सिगारलाच ‘माँटेक्रिस्तो’ हे नाव मिळाले, आणि ते आजही चालते. कादंबरीचा वाचक सुशिक्षितच असावा लागतो, ही आपली समजूत तंबाखूचे पान वळणाऱ्यांनी तिकडे केव्हाच मोडीत काढली.

आपल्याकडे कारखान्यात बसून वळणे नाही, घरी बसून वळणे आहे. म्हणून वाचणारा कारखान्यात नको, ओसरीवर हवा. हे मी नुसते तर्काने म्हणत नाही. शहराजवळच्या कुंभारीच्या एका वसाहतीत ओळखीच्या घरी मी ‘बनगरवाडी’ घेऊन गेलो होतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, माणदेशातली, म्हणजे आपल्या सांगोल्याच्या शेजारची. पुस्तक पातळ, वाक्ये लहान, वाचून दाखवायला सोपे. ओसरीवर चारपाच बायका, सुपे मांडीवर. त्यांच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी. सुरुवातीला त्या माझ्याकडे पाहुणा आहे म्हणून ऐकत होत्या. आनंदा रामोशी आल्यावर हसल्या आणि मग खरेच ऐकू लागल्या. एक सून कोपऱ्यात बसलेल्या सासूला प्रत्येक परिच्छेद हलक्या आवाजात तेलुगूत सांगत होती, विडी न थांबवता. सासूला गोष्ट थोडी उशिरा पोचायची, म्हणून सगळ्या हसून झाल्यावर तिचे हसू यायचे. दुष्काळात मेंढरे मेली, वाडी उठून गेली, तेव्हा त्यातल्या वयाने मोठ्या अक्कांनी विचारले, “मग मास्तर एकटाच राह्यला का ओ? पोरंच नाहीत म्हटल्यावर पगार द्यायला लागले का त्याला?” गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या बाईचा हा प्रश्न. माझ्या ओळखीच्या कुठल्या प्राध्यापकाला ‘बनगरवाडी’ वाचून तो पडला असेल असे वाटत नाही. माडगूळकर असते तर वहीत टिपून घेतला असता, आणि पुढची उचल तिथूनच झाली असती.

वाचक लेखकाला काय देतो, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. कौतुक तर कोणीही करतो. लेखकाच्या डोक्यात न आलेला प्रश्न वाचक त्याच्या हातात देतो.

कुंभारीतल्याच एका वसाहतीचे नाव आपल्याला माहीत आहेच : कॉम्रेड गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत. दहा हजार घरांची. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. अकादमी पुरस्कार मिळालेल्या लेखिकेच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत महाराष्ट्रात दुसरी असेल असे मला वाटत नाही. त्यानंतर तिथेच रे नगर उभे राहिले, तीस हजार घरांचे. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. ही घरे मिळवण्यासाठी कामगार नेते नरसय्या आडम आणि विड्या वळणाऱ्या बायकांनी केलेली वर्षानुवर्षांची धडपड ही स्वतःच एक मोठी कादंबरी आहे. अर्ज, मोर्चे, हप्ते, कागदपत्रे, नवऱ्याचे नाव की बायकोचे, सगळे त्यात आहे. ती अजून लिहायची आहे.

लिहायचे राहिलेले आणखी पुष्कळ आहे. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी इथे पहिली गिरणी काढली, त्या ‘जुन्या गिरणी’ने हे शहर घडवले. मुंबईच्या गिरणगावाला अण्णाभाऊ साठे मिळाले, नारायण सुर्वे मिळाले, जयंत पवारांचे ‘अधांतर’ मिळाले. सोलापूरच्या गिरणगावाची घरोघर पोचलेली कादंबरी कुठे आहे? १९३० च्या मार्शल लॉची, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांची? चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना आपण दरवर्षी हार घालतो. चार जातींची, दोन धर्मांची ही चार माणसे तुरुंगात काय बोलली असतील, हे फक्त कादंबरीकारच सांगू शकतो. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचेही तसेच. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांनी ‘झाडाझडती’ लिहिली, तिला १९९२ साली अकादमीने गौरवले. ते स्वतः सरकारी अधिकारी होते, फायली त्यांच्या टेबलावरून जात होत्या. आपल्या जिल्ह्यातल्या पुनर्वसनाच्या कचेऱ्यांतूनही फायली गेल्याच असतील. त्या हाताळणारा एखादा कारकून कुठेतरी वही भरत बसला असेल, अशी आशा करायला काय हरकत आहे?

म्हणून दुसरी विनंती. मराठी विभागाने आपल्या अभ्यासक्रमात वाचून दाखवण्याचे काम घालावे. तासिका, गुण, उपस्थिती, सगळे नियमात बसवून. दर सत्रात विद्यार्थ्यांनी दोन-दोनच्या जोड्यांनी एक कादंबरी घेऊन कुंभारीत, पूर्व भागात, अक्कलकोटच्या खेड्यांत जावे आणि ती सलग काही दुपारी वाचावी. ऐकणाऱ्यांनी काय विचारले ते लिहून आणावे. तो कागद दालनात ठेवावा आणि त्याची एक प्रत, लेखक हयात असेल तर, त्याच्याकडे धाडावी. ज्या मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात त्यांना हे काम आधी द्यावे. ओसरीवर ती सगळ्यात जास्त उपयोगी पडतील, आणि ‘मराठी कच्चे’ म्हणून वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलांना तिथे पहिला मान मिळेल.

खर्च फार नाही. एसटीचे भाडे आणि पुस्तकांच्या काही प्रती. मूल्यांकनाच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात भरायचे, ही अडचण आपल्यासमोर येईल, याची मला जाणीव आहे. ‘विस्तार कार्य’ असा एक रकाना असतो असे ऐकतो. तिथे भरावे.

विद्यापीठाने हे एकट्यानेच करावे असे माझे म्हणणे नाही. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, साहित्यासाठी पुरस्कार देणारी प्रतिष्ठाने आहेत, दिवाळी अंक आहेत. पण मुलांना दुपारी दोन वाजता घराबाहेर पाठवून त्याचे गुण देण्याचा अधिकार यातल्या कोणालाच नाही, तो आपल्याला आहे.

येत्या शैक्षणिक वर्षात निदान एका महाविद्यालयात हे करून पाहावे, अशी विनंती. पहिल्या वर्षी ‘अक्करमाशी’ आणि ‘डांगोरा एका नगरीचा’मधली निवडक प्रकरणे घ्या, आणि वाचन अक्कलकोट तालुक्यातूनच सुरू करा. कुंभारीत वाचायला माणसे कमी पडली तर मला निरोप द्यावा. अक्कांनी पुढचे पुस्तक कधी आणणार, असे विचारून ठेवलेले आहे.

कळावे.

आपला,
सोलापूरचा एक वाचक